झाकण उघडायचं नाही

माझ्या लग्नासाठी वडिलांनी जो बायोडेटा छापून घेतला, त्यात ‘नोकरी’ या शब्दापुढे ‘कंपनी गेस्ट हाउस, खानपान विभाग’ असं लिहिलं होतं. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त बघायला आलेल्या कुठल्याही मंडळींना आम्ही कळू दिलं नाही, की समोर पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून उभी असलेली ही मुलगी डुकराच्या फासळ्या भाजते. आणि बऱ्या भाजते.

मी आत्ता कुठे तिशीला टेकलेय. या वयात नोकरीच्या आठवणी लिहिणं जरा आगाऊपणाचं आहे. पण ज्या दिवाळी अंकात दरवर्षी निवृत्त पोस्टमास्तर आणि कंपाउंडर लिहितात, तिथं एका भाजणारीनंही लिहायला हरकत नसावी. सहा वर्षांतले फक्त दोन आठवडे सांगते. बाकीची वर्षं पोहे, उपमा आणि पाहुण्यांच्या चादरी बदलण्यात गेली.

शतक नुकतंच बदललं होतं. देवळीच्या बाहेर सोयाबीनचं तेल काढायचा एक कारखाना उभा राहत होता आणि त्याची यंत्रं बसवायला चार अमेरिकन इंजिनियर येऊन राहिले होते. मी वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, नागपूरहून हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊन आलेली. मला वाटलं, मला स्वयंपाकासाठी घेतलं. प्रत्यक्षात घेतलं होतं इंग्रजीसाठी. गंमत अशी, की मी मराठीतही फारसं बोलत नसे. पाहुण्यांनी काही विचारलं, की मी मान हलवायचे आणि थोड्या वेळानं उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. अक्षर सुंदर होतं. त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

स्वयंपाकघर पुंडलिकभाऊंचं होतं. केळझरच्या बाजूचे, पन्नाशीचे, लग्नाकार्यात मटणाचा रस्सा करण्यात पंचक्रोशीत नाव. त्यांच्या हाताखाली शांताबाई. मला त्या दोघांनी शेगडीजवळ कधी येऊ दिलं नाही. “तू तिकडं इंग्लिश सांभाळ वं,” पुंडलिकभाऊ म्हणायचे. माझं नावच त्यांनी इंग्लिशबाई ठेवलं होतं.

इंजिनियरांचा म्होरक्या वॉल्टर. यंत्राच्या एका खोक्यात त्यानं स्वतःची गॅसची भट्टी घालून आणली होती. चार पायांचा लोखंडी पेटारा समजा. आत तीन बर्नर, त्यावर जाळी, वर कमानीसारखं जड झाकण आणि झाकणावर घड्याळासारखी उष्णतेची तबकडी. ती त्यानं गेस्ट हाउसच्या हिरवळीवर मांडली. देवळीच्या शेगडी दुरुस्त करणाऱ्यानं तिला आपल्या सिलिंडरची नळी जोडून दिली आणि जाताना शांताबाईला विचारलं, “याच्यात चप्पल वाळवते का गोरा?”

वॉल्टर त्यावर कोंबडी भाजायचा आणि प्रत्येक वेळी उसासा टाकायचा. त्याला हवी होती बार्बेक्यू रिब्स. म्हणजे डुकराच्या बरगड्यांची अख्खी पट्टी, फणीसारखी, मंद आचेवर तासन् तास भाजलेली आणि वरून गोड-तिखट-आंबट चिकट पाकानं माखलेली. बोटं चाटत खायची.

कारखाना सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी मॅनेजर राठीसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. राठीसाहेब स्वतः कांदा-लसूणही खात नसत. डुकराचं नाव तोंडातून काढणं त्यांना जमणार नव्हतं.

“पुढच्या शनिवारच्या पुढचा शनिवार,” ते म्हणाले, “वॉल्टरसाहेबांचे मोठे साहेब अमेरिकेहून येणार. पार्टी आहे. त्यांना ती चीज पाहिजे.”

“कोनती चीज?” पुंडलिकभाऊंनी मुद्दाम विचारलं.

“तीच. समझो ना.” राठीसाहेबांनी कपाळ पुसलं. “नागपूरचा एक केटरर तयार आहे. तो म्हणतो, मी येतो, पण मग किचन पूरा माझ्याकडे द्या. पार्टीनंतरच्या सोमवारपासून. माणसं पण त्याचीच. तुम्हाला जमत असेल तर सांगा. नाही तर मला दुसरा रस्ता नाही.”

बाहेर आल्यावर पुंडलिकभाऊ व्हरांड्यात बसले. “मी बोकड करतो, कोंबडी करतो, मासोळी करतो,” ते म्हणाले. “त्याले मी हात नाई लावत. नोकरी गेली तं गेली.” पण हे म्हणताना त्यांचा चेहरा उतरला होता. शांताबाईच्या दोन मुली शाळेत होत्या.

आणि मी, जिनं त्या घरात आठ महिन्यांत एक पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं, मी म्हणाले, “मी लावते हात.”

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फ्रिज बोलला.

फासळ्या आणायच्या कुठून, हा पहिला प्रश्न. वडनेरजवळ विलास नावाचा एक मुलगा होता. शेतकी पदवी घेऊन त्यानं पांढऱ्या डुकरांचा गोठा टाकला होता. त्याच्या सख्ख्या मावशीनं त्याच्याकडचा चहा पिणं सोडलं होतं. मी गेस्ट हाउसच्या जीपनं गेले, तर मला बघून तो इतका हरखला, की त्यानं प्रत्येक डुकराची ओळख करून दिली. “मॅडम, हे सोयाबीनची पेंड खाते, मक्याचा भरडा खाते. माह्यापेक्षा टाइमावर जेवते.”

मी चिठ्ठीवर लिहिलं होतं: फासळ्या, सहा किलो, अख्ख्या. त्यानं वाचलं, मान डोलावली. मंगळवारी तो स्वतः स्कूटरवर पिशवी घेऊन आला. उघडली, तर सहा किलो फासळ्यांचे एकसारखे, सुबक, दोन-दोन बोटांचे तुकडे.

“अख्ख्या म्हटलं होतं ना,” मी पुटपुटले.

“अख्ख्याच हाय ना, मॅडम! एक हाडूक इकडचं तिकडं नाई. पूर्ण जनावराच्या फासोळ्या हाय. फक्त पीस करून देल्या.” त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. “बाईमाणसाले कुठं कोयता चालवाले लावाचं? मी सोता बसून केलं. दोन घंटे लागले.”

त्याला काय बोलणार? आमच्याकडे मांस घरी आणायचं ते रश्श्यासाठी, आणि रश्श्यासाठी तुकडे करून न देणारा माणूस म्हणजे गिऱ्हाइकाची कदर नसलेला माणूस. त्यानं माझी कदर केली होती. सहा किलो कदर. मी “थँक्यू” म्हणाले आणि आत येऊन हसू लागले. शांताबाईही हसत सुटली. पुंडलिकभाऊ लांबूनच म्हणाले, “काय खिदळून राह्यल्या वं? नोकरी जाऊन राह्यली ना आपली!” त्यावर तर आम्हाला हसू आवरेना.

दुसऱ्या खेपेला मी जीपमधून उतरून त्याच्या अंगणात काडीनं चित्र काढलं. फणीसारखी पट्टी. वर मोठी फुली आणि बाजूला कोयता. “कोयता नाई,” तो गंभीरपणे म्हणाला, “समजलं.”

अख्ख्या पट्ट्या आल्या. वॉल्टरच्या बायकोनं कृती फॅक्सनं पाठवली होती. ज्यांनी हा पदार्थ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पट्टीच्या हाडांकडच्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. चमच्याच्या दांड्यानं त्याचं टोक उचकटायचं, फडक्यात पकडायचं आणि एका दमात ओढायचं. निघाला, की जुन्या वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर निघाल्यासारखा आनंद होतो. मग मीठ, तिखट, जिरं, थोडा गूळ चोळायचा. पाक वेगळा: टोमॅटो, गूळ, लसूण, सिरका, मिरची. कृतीत अर्धा कप दारूही होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा.

“भेटते,” पुंडलिकभाऊ लांबून म्हणाले. “पन कुठं भेटते ते इचारू नको.”

मी दारूऐवजी चिंचेचा कोळ आणि कोऱ्या चहाचं पाणी घातलं. पाक बोटावर घेऊन चाखला आणि स्वतःशीच उडी मारली. कुणी पाहिलं नाही, अशी माझी समजूत होती.

पण मी शेवटी आपल्याच मुलखातली मुलगी. आपल्याकडे मसाला आधी लावतात, भरपूर लावतात, मग वस्तू विस्तवावर जाते. कृतीत स्पष्ट लिहिलं होतं, की पाक शेवटच्या अर्ध्या तासात लावा. मला वाटलं, या लोकांना कंजूषपणाची सवय असेल. मी आधीच दोन हात थापला. गूळ तासाभरात जळाला. फासळ्या बाहेर काढल्या, तेव्हा त्या कारखान्याच्या बॉयलरमधून पडल्यासारख्या दिसत होत्या. वॉल्टरनं सभ्यपणे एक तुकडा खाल्ला आणि अडीच तांबे पाणी प्यायला.

तिसऱ्या खेपेला मी पाक बाजूला ठेवला. एका टोकाचा एकच बर्नर पेटवला आणि पट्ट्या दुसऱ्या टोकाला, जिथं खाली आग नाही तिथं ठेवल्या. झाकण बंद. तबकडीचा काटा अमेरिकन मापात अडीचशेवर. आता साडेतीन तास वाट पाहायची. गॅसला धुराचा वास नसतो, म्हणून आर्वीकडून आलेल्या संत्र्याच्या लाकडाचे तुकडे पत्र्याच्या डब्यात घालून बर्नरवर ठेवले होते. ही सूचना पुंडलिकभाऊंची. निंबाचं घालशील तर कडू होईल, असंही त्यांनी बजावलं होतं.

सगळं बरोबर होतं. फक्त मी माणसं हिशेबात धरली नव्हती.

शांताबाई आली. “पाहू दे ना वं, काय झालं तं.” झाकण उघडलं. माळी आला, त्यानं उघडलं. चौकीदार त्याच्या मेहुण्याला घेऊन आला, मेहुण्याला दाखवलं. कारखान्याची दोन पोरं आली. आमच्याकडे चुलीवर काही शिजत असलं, की आल्या-गेल्याला ते दाखवायचंच असतं. न दाखवणारा तो काय स्वयंपाकी! आणि मी कुणालाच नाही म्हणू शकले नाही. सगळे वयानं मोठे. दर वेळी गरम हवा भस्सकन बाहेर जायची आणि काटा खाली पडायचा. चार तासांनी हाडाजवळचं मांस गुलाबी, कच्चं.

मी हिरवळीवर बसले. रडायला येत होतं. पार्टीला चार दिवस उरले होते.

पुंडलिकभाऊ आपल्या नेहमीच्या अंतरावर, चाफ्याखाली खुर्ची टाकून बसले होते. “झाकणच काऊन लावतं?” ते म्हणाले. “मटन डोळ्यानं पाह्यल्याशिवाय कसं समजते? गुदमरून राह्यलं थे.”

आठ महिन्यांचं साचलेलं माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं. “भाऊ, हे शिजवायचं नाहीये! आग खाली नाही, बाजूला आहे. आत कोंडलेल्या गरमीवर होतं. गरमी गेली की झालं. बघायचंच नाही!”

ते खुर्चीतून उठले.

“मंग हे रोडग्याचं काम हाय म्हन ना!”

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे. शेतात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, तो निवू द्यायचा, गोळे आत पुरायचे, वर राख लोटायची. “राख लोटली का मंग कोनी हात लावाचा नाई,” पुंडलिकभाऊ आता जोरात बोलत होते. “बापाले बी नाई! उकरून पाह्यलं का रोडगा कच्चा. काऊन नाई सांगतलं पहिले? मी दहा दिवसांपासून रस्सा समजून राह्यलो ना बापा!”

त्या संध्याकाळी आम्ही तिघं वेड्यासारखे खूश होतो. अजून एक पट्टीसुद्धा नीट भाजली नव्हती, तरी शांताबाईनं सगळ्यांना शिरा खाऊ घातला. गुरुवारी मी पुन्हा भाजल्या. पुंडलिकभाऊ चाफ्याखालून पहारा देत होते. चौकीदार जवळ आला तर ओरडले, “ए, मांगं हो! राख लोटली हाय!” साडेतीन तासांनी मी पट्टी चिमट्यानं मधोमध उचलली. ती दोन्हीकडून वाकली आणि वरचं मांस हलकेच तडकलं. हाडांची टोकं अर्धं बोट उघडी पडली होती. हीच खूण. शेवटच्या वीस मिनिटांत पाकाचे दोन हात. वॉल्टरनं खाल्लं, लगेच दुसरी फासळी उचलली, आणि मग जे काही बोलला त्याचं भाषांतर शांताबाईनं मागितलं.

“तो म्हणतोय, चांगलं झालंय.”

“एवढं लंबं बोलला, आन् एवढंसंच?”

“आईची शपथही घेतली.”

शनिवार. आठ पट्ट्या. भट्टीत चारच आडव्या मावत, म्हणून कारखान्याच्या वेल्डरनं पट्ट्या उभ्या राहतील असा स्टँड करून दिला. दुपारी तीनला झाकण लावलं. पाहुणे सातला येणार. पाच वाजता काटा खाली यायला लागला. झाकण तर बंद होतं. मी खाली वाकून पाहिलं. ज्योत बारीक, पिवळी. सिलिंडर संपला.

“भाऊ!” मी हाक मारली.

स्वयंपाकघरात पुंडलिकभाऊंचा सिलिंडर होता, पण त्यावर त्यांचा भात व्हायचा होता. ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, आत गेले. पाच मिनिटांनी तोच सिलिंडर जमिनीवरून लोळवत, धापा टाकत माझ्या भट्टीपाशी घेऊन आले. भाताचं पातेलं त्यांनी मागच्या अंगणात तीन विटांची चूल करून तिच्यावर चढवलं होतं. रेग्युलेटर बसवला, ज्योत निळी झाली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण भट्टीला टेकून उभे आहोत. ते इतक्या झटकन मागे सरले, की शांताबाईच्या पायावर पाय पडला.

पण त्या पाच मिनिटांत भट्टी गार झाली होती. ती पुन्हा तापायला वेळ गेला. सातला पाहुणे आले, तेव्हा फासळ्यांना अजून वीस मिनिटं हवी होती.

आणि राठीसाहेब मोठ्या साहेबांना घेऊन हिरवळीवरून सरळ माझ्याकडे येताना दिसले. दोन आठवडे त्यांनी त्या भट्टीकडे तोंड केलं नव्हतं. पण पाहुणा तो पाहुणा. नाकाला रुमाल लावून, चेहऱ्यावर हसू आणून ते म्हणाले, “प्लीज, सर, प्लीज सी,” आणि स्वतःचा हात झाकणाच्या मुठीला घातला.

मी माझा हात त्या झाकणावर ठेवला. फडकं होतं म्हणून बरं.

“नाही,” मी म्हणाले.

राठीसाहेब हसतच राहिले, कारण त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“वीस मिनिटं. झाकण उघडायचं नाही.”

“मॅडम, साहब खड़े हैं,” ते दातांतून म्हणाले. “एक मिनिट दाखवा. सोमवारची गोष्ट लक्षात आहे ना?”

मला लक्षात होती. म्हणूनच हात काढला नाही. आणि मला पोटातून हसू येत होतं. का ते मला आजही कळलेलं नाही.

“साहेब!” चाफ्याखालून आवाज आला. “पोरगी बरोबर बोलून राह्यली! आता उघडलं का सगळं कामातून गेलं. मंग माह्या नावानं बोंबलू नका!”

मग मी मोठ्या साहेबांकडे वळले आणि इंग्रजीत, चिठ्ठीशिवाय, सगळं सांगितलं. आग कुठे आहे, गरमी कशी कोंडते, गूळ आधी का जळतो, संत्र्याचं लाकूड कुठून आलं, रोडगे म्हणजे काय. वीस मिनिटं मी बोलत होते. माणसं थाळ्या हातात धरून गोल करून उभी राहिली. शेवटी मी काट्याकडे पाहिलं आणि झाकण उचललं.

धूर वर गेला. पट्टी वाकली, तडकली. मी ब्रशनं पाक लावला, तो बुडबुडला, चकाकला. दुसरा हात दिला. थाळ्यांत हाडं साचायला लागली. कागदी रुमाल बोटांना चिकटून बसले, म्हणून शांताबाईनं कोमट पाण्यात लिंबू पिळून वाट्या फिरवल्या. मोठ्या साहेबांनी सहावं हाड ठेवताना इकडे तिकडे पाहून घेतलं, आणि सातवं घेतलं.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. फाटकाबाहेर विलास स्कूटरला टेकून उभा होता. माल देणाऱ्यांनी आत यायचं नाही, असा नियम होता. पार्टी कशी झाली ते बघायला तो वडनेरहून परत आला होता. मी त्याला पाहिलं. वीस मिनिटं इंग्रजी बोललेली मी, त्याला “ये ना” एवढं म्हणू शकले नाही. हात उंच करून खूण केली, की छान झालं. तो खूश होऊन निघून गेला. पुढे त्यानं गोठा विकला आणि हिंगणघाटला दुकान टाकलं. त्याच्या फासळ्या त्यानं कधी भाजलेल्या खाल्ल्या नाहीत.

पाहुणे उठल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलो होतो. राठीसाहेब दहीभाताची वाटी घेऊन आले. हाडांच्या ढिगाकडे पाठ करून उभे राहिले. दोन घास खाल्ले.

“सोमवारी नाश्त्याला काय करणार?” त्यांनी विचारलं.

पुंडलिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी शांताबाईकडे.

“पोहे, साहेब,” पुंडलिकभाऊ म्हणाले.

“तर्री वेगळी ठेवा. मागच्या वेळी वॉल्टरसाहेबांना फार तिखट लागली.”

“हो, साहेब,” मी म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की हिरवळीच्या पार टोकाला उभा असलेला वॉल्टर दचकून मागे वळला.